वही, पुस्तिका, कॅसेट : गाणे हातोहात नेणाऱ्यांचा इतिहास

आवडलेले गाणे दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. मात्र ते गाणे आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले आणि आपल्याकडून पुढे कोणाकडे गेले, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासात क्वचितच विचारला जातो. गीताचा अभ्यास करताना आपण कवी, संगीतकार आणि गायक या तिघांची नोंद घेतो. गाणे नेणारे-आणणारे हात मात्र अभ्यासाबाहेर राहतात. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या हातांविषयी लिहायचे आहे.

अलीकडे ‘स्वतंत्र संगीत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या आश्रयाविना आपले गाणे आपणच लोकांपुढे ठेवणाऱ्या कलावंतांसाठी तो वापरला जातो. शब्द नवा असला तरी मराठीतील वस्तुस्थिती जुनी आहे. आंबेडकरी गीतांची परंपरा हे तिचे ठळक उदाहरण. या परंपरेचे स्वातंत्र्य टिकले, ते शाहिरांच्या प्रतिभेइतकेच श्रोत्यांच्या श्रमांमुळे, असे आमचे म्हणणे आहे. गाणे वहीत उतरवून घेणारा, जयंतीच्या मैदानावरून पुस्तिका घेऊन गावी जाणारा, शेजाऱ्याला कॅसेट भरून देणारा श्रोता येथे प्रसारकाचे काम करीत होता. त्याच्या या कामाच्या खुणा गीतांच्या संहितेतच उमटलेल्या आहेत आणि त्या वाचल्याशिवाय या गीतांचे नीट मूल्यमापन होणार नाही.

प्रथम रूढ इतिहासाकडे पाहू. मराठी भावगीताची कथा आपण ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी या दोन यंत्रांच्या आधारे सांगतो, आणि ते सकारण आहे. ग्रामोफोन कंपनीचे भारतातील ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. १९०८ मध्ये त्याच शहरात तबकड्या तयार करण्याचा कारखाना निघाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. धृपद आणि दोन-तीन अंतरे असा भावगीताचा आटोपशीर बांधा या मर्यादेशी जुळवून घेत घडला. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची ध्वनिमुद्रिका १९३०च्या दशकाच्या आरंभी काढली आणि भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांचे युग आपण साधारणपणे तेथून मोजतो. जोशी पुढे एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. म्हणजे गाणारा आणि गाणी निवडणारा, या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या.

नभोवाणीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तिचे मराठी गीताला लाभलेले सर्वांत मोठे देणे म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून त्याचे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत आठवड्यामागून आठवडे घरोघर पोहोचले. येथे संस्थेने कवीला वेळ दिला, वादक दिले, ठरलेला प्रसारणकाळ दिला. संस्थेच्या आधाराविना इतक्या मोठ्या गीतमालिकेची कल्पनाही करता आली नसती. संस्थेचा द्वेष करून गाण्याचा इतिहास लिहिता येत नाही, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

तरीही या यंत्रणेत निवड वरून खाली होत असे. कोणाचा आवाज मुद्रित करावा हे कंपनीचा अधिकारी ठरवी, कोणाला प्रसारित करावे हे नभोवाणीची स्वरचाचणी ठरवी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि हिंदी चित्रपटगीतांचे आकाशवाणीवरील स्थान आक्रसले. लोकांची अभिरुची शास्त्रीय संगीताकडे वळावी, असा त्यामागचा हेतू होता. श्रोता मात्र सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींच्या निवेदनाला उत्तर म्हणून हजारो पत्रे येऊ लागली, गावोगावी श्रोतासंघ निघाले, आणि आवडीचे गाणे कितव्या पायदानावर आहे यावर घराघरांत वाद झडू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याने पत्र लिहून संस्थेला नमवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. परंतु या विजयालाही सीमा होती. गीतमालेचा श्रोता तबकडीवर आधीच आलेल्या गाण्यांतून निवड करीत होता. जे गाणे तबकडीवर आलेच नाही, त्याच्यासाठी पत्र लिहिण्याची सोय नव्हती.

तबकडीवर न आलेल्या गाण्याची वाट निराळी होती, आणि मराठीत ती फार जुनी आहे. संतांचे अभंग छापखान्यापूर्वी वह्यांतून आणि बाडांतून टिकले. संताजी जगनाडे यांच्या नावाने ओळखली जाणारी तुकोबांच्या अभंगांची वही हे आपल्या परिचयाचे उदाहरण. पोवाडे गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या मुखी होते. हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते १८९१ मध्ये ग्रंथरूपात आणले, तेव्हा त्यांना गाणाऱ्यांकडेच जावे लागले. अशा परंपरेत ‘प्रत’ या शब्दाला विशेष अर्थ असतो. प्रत करणारा ऐकतो, निवडतो, चुकतो, दुरुस्त करतो आणि क्वचित स्वतःचे एखादे कडवेही घालतो. पाठभेदांविषयी आपण ज्ञानेश्वरीच्या संदर्भात आस्थेने बोलतो. तीच दृष्टी विसाव्या शतकातल्या वह्यांना लावण्याचे आपल्याला सुचत नाही.

आंबेडकरी जलसा हा या जुन्या वाटेचा आधुनिक विस्तार होय. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि त्यांनी तमाशाचा ओळखीचा साचा प्रबोधनासाठी वापरला. तो साचा आंबेडकरी चळवळीतील शाहिरांनी आपल्या प्रश्नांसाठी नव्याने घडवला. भीमराव कर्डक हे त्यांतले एक प्रमुख नाव; ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचे पुस्तक या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६चे धर्मांतर आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला झालेले बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण यांनंतर या गीतांना नवा विषय, नवे शब्द आणि नवे श्रोते लाभले. जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. कव्वालीचे सामने रात्र रात्र रंगू लागले. चैत्यभूमीच्या परिसरात आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर ग्रंथांच्या दुकानांशेजारी गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकल्या जाऊ लागल्या. दूरच्या गावाहून आलेला माणूस परतताना अशी एखादी पुस्तिका पिशवीत टाकी. पुढच्या जयंतीला त्यातले गाणे त्याच्या वस्तीत गायले जाई. या प्रवासात कोठेही स्वरचाचणी नव्हती.

या परंपरेतील सर्वांत मोठे कवी वामनदादा कर्डक. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईच्या कामगारवस्तीत. त्यांच्या गीतरचनेची सुरुवात १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनाने झाली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांची गीते महाराष्ट्रभर पसरली होती. ‘वाटचाल’, ‘मोहोळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले खरे, पण त्यांचे गाणे ठाऊक असणाऱ्या बहुसंख्य लोकांनी ते या संग्रहांतून वाचलेले नाही. त्यांनी ते ऐकले, वहीत उतरवले आणि गायले.

आता संहितेकडे वळू. हातोहात जाणाऱ्या गाण्याने स्वतःच्या अंगावर तीन सोयी बाळगल्या आहेत, आणि त्या तिन्ही सोयींना समीक्षेने वेळोवेळी दोष मानले आहे.

पहिली सोय म्हणजे चाल. पुस्तिकेतील गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या लोकप्रिय गाण्याचा निर्देश असतो, बहुधा चित्रपटगीताचा. ‘उसनी चाल’ म्हणून याकडे नाक मुरडले जाते. परंतु स्वरलिपी वाचू न शकणाऱ्या आणि कवीला कधीही न भेटलेल्या माणसाने कागदावरचे शब्द गावेत कसे? चालीचा निर्देश हीच त्याची स्वरलिपी. सिलोनने आणि विविध भारतीने पसरवलेली चाल जणू गावागावांत आधीच पोहोचलेली होती; शाहिराने तिच्यावर आपले शब्द रवाना केले. ज्या यंत्रणेत त्याला प्रवेश नव्हता, तिचेच वाहन त्याने वापरले. आणि यात अपूर्व तरी काय आहे? अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातली पदे साकी, दिंडी आणि लोकांच्या कानांवर असलेल्या चालींवरच बांधलेली होती. संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर चालीचा उल्लेख असे. नाट्यपदाला जी गोष्ट आपण परंपरा म्हणून माफ करतो, तीच भीमगीतात दिसली की ती उसनवारी ठरते. हा न्याय तपासून पाहिला पाहिजे.

दुसरी सोय नाममुद्रेची. वामनदादांच्या गीतांत शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव गुंफलेले आढळते. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या लावण्यांपर्यंत ही रीत चालत आली आहे, पण येथे तिला नवे प्रयोजन मिळाले. तबकडीच्या मध्यावर कागदी चकती असते, तिच्यावर नावे छापलेली असतात. नभोवाणीचा निवेदक गाण्यापूर्वी कवीचे नाव सांगतो. वहीतून वहीत जाणाऱ्या गाण्याला चकती नाही आणि निवेदकही नाही. म्हणून कवीने आपले नाव वृत्तात आणि यमकात असे बसवले की ते काढायचे तर ओळ मोडावी लागेल. ही मुद्रा अभेद्य होती असे नव्हे. शेवटचे कडवे गाळले की नाव गेलेच. तरी छापील श्रेयनामावलीची सोय नसलेल्या कवीला आपला हक्क सांगण्याचा याहून चांगला उपाय उपलब्ध नव्हता.

तिसरी सोय सुट्या कडव्यांची. यांतल्या पुष्कळ गीतांत धृपद पक्के असते आणि कडवी आगगाडीच्या डब्यांसारखी जोडता-सोडता येतात. भावगीताच्या मापाने हा बांधेसूदपणाचा अभाव वाटेल. पण गायन पार्टीला कधी दहा मिनिटे गायचे असते, कधी पहाटेपर्यंत. त्या दिवशी वस्तीत काही घडलेले असेल, तर त्याचे कडवे तेथेच जोडायचे असते. तीन मिनिटांच्या तबकडीने भावगीताला जसा आकार दिला, तसा रात्रभराच्या कार्यक्रमाने या गीताला दिला. दोन्ही आकार प्रसारणाच्या रीतीतून आलेले आहेत. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे शास्त्रशुद्ध नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅसेट आली आणि चित्र पालटले. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने उत्तर भारतातील या स्थित्यंतरावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे एक प्रतिपादन महाराष्ट्रालाही लागू पडते. तबकडी घडवायला कारखाना लागत असे, कॅसेट भरायला दोन यंत्रे पुरत. त्यामुळे एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला. मराठीत प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज कॅसेटवरून रिक्षांत, सलूनांत आणि लग्नाच्या मांडवांत पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते दोन्ही घरोघर गेली. येथे कंपन्या होत्याच. तेव्हा ‘स्वतंत्र’ आणि ‘संस्थात्मक’ यांच्यामधली भिंत आम्ही उभी करतो तितकी सलग नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कंपनीच्या कॅसेटला दुकानदाराने आणि श्रोत्याने दुसरे आयुष्य दिले. ‘गाणी भरून मिळतील’ ही पाटी त्या काळी ठिकठिकाणी दिसे. आवडीची गाणी कागदावर लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. ही निवडलेली गाणी आणि त्यांचा क्रम म्हणजे श्रोत्याने केलेले संपादनच होते.

या ठिकाणी हस्तांतराच्या गौरवाला एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो आम्हांला टाळायचा नाही. भरून दिलेल्या कॅसेटमधून शाहिराला काहीही मिळत नव्हते. गाणे गावोगाव गेले आणि गाणारा मात्र मिळेल त्या बिदागीवर राहिला, असे या परंपरेत वारंवार घडले. श्रोत्याच्या प्रेमाने गाणे जगते. कवीचे घर चालतेच असे नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकारांचा मानधनावरील हक्क बळकट केला, पण त्याचा लाभ घ्यायला आधी गीत कोणाचे याची नोंद हवी. ज्यांच्या गीतांची नोंद केवळ शेवटच्या कडव्यात आहे, त्यांनी ती कोणत्या कार्यालयात दाखवावी? हस्तांतर आणि हक्क यांतला हा ताण सुटलेला नाही.

काही गाणी तर गाणाऱ्याच्या पश्चात केवळ सोबत्यांच्या स्मरणावर राहतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे आपल्या ‘हमारा शहर’ या १९८५च्या माहितीपटात पूर्वी वापरले होते. घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. या चित्रपटाकडे गीतसंग्रह म्हणूनही पाहता येईल. वस्तीतल्या माणसांनी, शाहिरांनी आणि तरुण कलापथकांनी गायलेली कितीतरी गाणी त्यात गाणाऱ्याच्या नावासह, चेहऱ्यासह आणि जागेसह जतन झाली आहेत.

आज वहीची जागा मोबाईलने घेतली आहे. मधल्या काळात रिचार्जच्या दुकानांत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या आल्या होत्या. कॅसेटच्या दुकानाचा तो वारसाच होता. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे एकतारीवरचे गाणे लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या चित्रफितींतून सर्वदूर गेले. २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ या मुंबईच्या हिपहॉप गटाने आरेच्या जंगलातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे काढले. त्यातली बोलण्याच्या लयीत ठासून शब्द मांडण्याची रीत शाहिरीच्या श्रोत्याला परकी वाटू नये. नव्या स्वतंत्र संगीताचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याने हे नाते अवश्य तपासावे.

मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. वही देणाऱ्याला घेणारा माहीत होता. आज पुढचे गाणे पुष्कळदा यंत्र सुचवते, आणि ते आपल्याच मागच्या आवडीवरून सुचवते. शिवाय ध्वनी जुळवून पाहणारी स्वयंचलित व्यवस्था चालीची परंपरा जाणत नाही. चित्रपटगीताच्या चालीवरचे भीमगीत तिला अनधिकृत नक्कल वाटू शकते. दुसरीकडे मोबाईलवरून फिरणाऱ्या मजकुरात एक-दोनच कडवी उचलली जातात आणि नाममुद्रा मागे राहते. म्हणजे ज्या तीन सोयींनी गाणे इतकी वर्षे चालत आले, त्यांतल्या दोन या नव्या वाटेवर अडचणीच्या ठरत आहेत.

अशा वेळी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी काय करावे? आपल्यापुढे एक चांगला आदर्श आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या ध्वनीसह उपलब्ध होऊ लागल्या. एरवी ‘लोकगीत’ या सामूहिक नावाखाली गडप झालेल्या बाया तेथे आपापल्या नावाने उभ्या आहेत.

गाण्यांच्या वह्यांसाठी असे काम अजून मोठ्या प्रमाणावर व्हायचे आहे, आणि त्याला फार वेळ नाही. वह्यांचा कागद पिवळा पडला आहे, पुस्तिकांच्या टाचण्या गंजल्या आहेत, कॅसेटची फीत चिकटते आहे. मराठीच्या प्रत्येक वर्गात अशी एखादी वही घरी असलेला विद्यार्थी असण्याची शक्यता मोठी आहे. त्याने मूळ वही घरातच ठेवावी, घरच्यांची परवानगी घेऊन पानांची छायाचित्रे घ्यावीत, माथ्यावरची चाल आणि शेवटची नाममुद्रा तशीच उतरवावी, छापील संग्रहाशी कडवी ताडून पाहावीत. पाठभेद सापडला तर ‘शुद्ध’ करू नये. तो कोणी, कोणत्या प्रसंगासाठी केला असेल, याचा माग काढावा. वामनदादांची गीते कायद्याने २०६४च्या अखेरपर्यंत हक्कसंरक्षित आहेत. तेव्हा अभ्यास आणि प्रकाशन यांतला भेदही विद्यार्थ्याला यानिमित्ताने शिकवता येईल.

आणि वहीच्या धन्याला किंवा धनिणीला एक प्रश्न आवर्जून विचारावा : हे गाणे तुम्हांला कोणी दिले? त्या उत्तरात एक नाव येईल, कदाचित एखादी जत्रा, एखादी चाळ, एखादी जयंती येईल. आपल्या गीताच्या इतिहासातल्या पुष्कळ रिकाम्या जागा अशा नावांनीच भरून निघणार आहेत.